विधिमंडळातले बॅरिस्टर आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की संविधान आठवतं. मला मात्र त्यांची मुंबई प्रांताच्या विधिमंडळातली वर्षंही तितकीच मोलाची वाटतात. तिथे त्यांच्यातला वकील आणि आमदार एकत्र दिसतो!

लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन त्यांनी 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. 1927 पासून ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी महार वतनात, म्हणजे महारांच्या वंशपरंपरागत गावकामाच्या पद्धतीत, सुधारणा करणारं विधेयक मांडलं आणि कामगार स्त्रियांना प्रसूतिरजा मिळावी म्हणून सभागृहात बाजूही मांडली.

1937 ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबईतून निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. कोकणात खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीदार. शेत कसणारा पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या मर्जीवर. कोकणातल्याच चरी गावच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप तर 1933 पासूनच चालू होता. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर धडकला. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती संपवणारा कायदा 1949 चा.

आणखी एक दुवा फार कमी सांगितला जातो. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात 1934 मध्ये त्याचे संपादक आणि संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. खटला हरले. पण 1938 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या पी. जे. रोहमांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला. तोही फेटाळला गेला.