एक स्थळ, एक नाव

जर्मन लोक ज्या नदीला डोनाऊ म्हणतात, तिलाच हंगेरियन लोक दुना, सर्बियन दुनाव आणि इंग्रज डॅन्यूब म्हणतात. बोलण्यात हे वैविध्य शोभते. नकाशात मात्र ते घोटाळा करते. पुराने वेढलेल्या गावाकडे निघालेले मदतपथक नावाच्या गोंधळाने वाट चुकले, तर त्या चुकीचे मोल माणसांच्या प्राणांनी द्यावे लागते.

१८९१ साली बर्न येथील भूगोल परिषदेत आल्ब्रेख्त पेंक यांनी साऱ्या जगाचा एकाच प्रमाणाचा, दहा किलोमीटरांस एक सेंटिमीटर असा, नकाशा काढण्याची कल्पना मांडली. लंडन (१९०९) व पॅरिस (१९१३) येथे त्याचे नियम ठरले. पण महायुद्धे आडवी आली आणि तो नकाशा अपुराच राहिला.

१९५३ साली ही जबाबदारी संयुक्त राष्ट्रसंघाकडे आली. १९५५ साली आशियाई देशांची नकाशा-परिषद मसुरीस भरली, तर १९६७ साली जिनिव्हा येथे स्थलनामांची पहिली जागतिक परिषद झाली. प्रत्येक देशाने आपल्या स्थळांची नावे स्वतः निश्चित करावीत, हाच आंतरराष्ट्रीय एकरूपतेचा पाया तिने मानला. अन्य लिपींतील नावे रोमन लिपीत आणण्याची रीतही प्रत्येक लिपीपुरती एकच असावी, असे तिने सुचविले. परक्या कानांनी ऐकलेल्या पुण्याचे 'पूना' कसे झाले, हे जाणणाऱ्यास या तत्त्वाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

नकाशा काढणारा कितीही दूरचा असो. नाव मात्र त्या मातीवर राहणाऱ्यालाच विचारावे लागते.