एक्स्प्लेनर : टीबीच्या इंजेक्शनने तोल का जायचा? कानातल्या कॅल्शियमचं गणित समजून घ्या

सातारा/सांगली : साताऱ्यातील पाचगणी आणि सांगलीतील मिरजजवळची वानलेसवाडी ही दोन्ही ठिकाणं एकेकाळी क्षयरुग्णांच्या आरोग्यधामांसाठी ओळखली जायची. मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती हाच तेव्हा मुख्य उपचार. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि औषधाने टीबी बरा होऊ लागला. पण काही रुग्णांचा आजार गेला, त्यासोबत तोलही गेला. असं का झालं?

तोल कसा सांभाळला जातो?

कानाच्या आतल्या भागात केशपेशी असतात. डोकं हललं की त्यांच्यावरचे सूक्ष्म केस वाकतात, टोकाची छिद्रं उघडतात आणि पोटॅशियमसोबत कॅल्शियम आत येतं. मग पेशीच्या बुडाकडूनही कॅल्शियम शिरतं आणि ग्लुटामेट हे रसायन बाहेर पडतं. त्यातून मेंदूला निरोप जातो. मेंदूकडून येणाऱ्या नसा असिटाइलकोलीन सोडून पेशीतल्या कॅल्शियमवर परिणाम करतात. हा सगळा कारभार कॅल्शियमच्या नेमक्या प्रमाणावर चालतो.

औषध कुठे बिघाड करतं?

स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन ही औषधं त्याच छिद्रांतून आत शिरून साचतात. झेब्राफिश माशावरच्या प्रयोगांत पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम वाढून पेशी मरताना दिसली. माशांत आणि पक्ष्यांत नव्या केशपेशी तयार होतात. माणसात ही भरपाई जवळपास होत नाही.

लक्षणं कोणती?

बहुतेक वेळा दोन्ही कानांवर परिणाम होतो. त्यामुळे गरगरण्यापेक्षा अंधारात अडखळणं आणि चालताना समोरचं दृश्य हलणं जास्त जाणवतं. स्ट्रेप्टोमायसिनमुळे तोल गमावलेल्या एका अमेरिकन डॉक्टरने १९५२ मध्ये आपला अनुभव लिहिला. वाचताना अक्षरं स्थिर दिसावीत म्हणून त्यांना पलंगाच्या गजांत डोकं टेकवावं लागे.

आता धोका टळला का?

टीबीच्या उपचारात आता गोळ्यांवर भर आहे. मात्र गंभीर जंतुसंसर्गात जेंटामायसिन, अमिकासिन आजही जीव वाचवतात. त्यामुळे हे लक्षात ठेवा :

• किडनीचा त्रास असेल तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना सांगा. औषध किडनीवाटेच बाहेर पडतं.
• आईकडच्या नात्यात अशा औषधाने कुणाला बहिरेपण आलं असेल, तर तेही सांगा. हा धोका आईकडून येऊ शकतो.
• कानात आवाज, कमी ऐकू येणं किंवा तोल जाणं जाणवलं तर त्याच दिवशी कळवा.
• औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.