1,039 तासांची नोकरी

अमेरिकेच्या सरकारी नोकरीत 1,039 या आकड्याला वेगळेच वजन आहे. आठवड्याला 40 तास धरले, तर वर्षाचे कामाचे तास होतात 2,080. त्याचे निम्मे 1,040. नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे तिथली राष्ट्रीय उद्याने सांभाळणारी यंत्रणा, आपल्या हंगामी कर्मचाऱ्याला वर्षभरात साधारणपणे या निम्म्याच्या एक तास आत ठेवते. तेवढे पाळले, तर पुढच्या वर्षी त्याला त्याच उद्यानात, त्याच कामावर, स्पर्धेत पुन्हा न उतरवता बोलावता येते. म्हणून यलोस्टोन उद्यानात मे महिन्यात रुजू झालेला रेंजर ऑक्टोबर लागला की सामान बांधायला घेतो. काम संपलेले नसते, त्याचे तास संपत आलेले असतात.

या नोकऱ्यांवर अमेरिकेची उद्याने गेली शंभर वर्षे चालत आली आहेत. 2025 मध्ये वॉशिंग्टनहून कपातीचे आदेश निघाले, तेव्हा पहिला तडाखा त्यांनाच बसला.

हंगामी माणसे घेण्यामागचे गणित साधे आहे. यलोस्टोन सुमारे 22 लाख एकरांवर पसरले आहे. 2024 मध्ये तिथे 47 लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक मे ते सप्टेंबर या काळातल्या. हिवाळ्यात बर्फ पडला की उत्तरेकडचा एक रस्ता वगळता बाकीचे रस्ते मोटारींना बंद होतात. जुलैतली गर्दी पेलण्याइतकी माणसे जानेवारीत पगारावर ठेवून करायचे काय? फ्लोरिडातले एव्हरग्लेड्स आणि कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली यांचे नेमके उलटे. तिथला उन्हाळा जीवघेणा, त्यामुळे गर्दी हिवाळ्यात. अनेक जण उन्हाळा माँटानातल्या ग्लेशियर उद्यानात आणि हिवाळा एव्हरग्लेड्समध्ये असे वर्ष काढतात. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्याही अशाच फिरतात, पण त्यांचे स्थलांतर पोटासाठी असते. अमेरिकेतल्या या लोकांपैकी अनेकांच्या हातात पदवी असते आणि त्यांनी हे फिरते आयुष्य स्वतःहून पत्करलेले असते. पगार बेताचा, राहायला उद्यानाच्या वसाहतीतली खोली आणि पुढच्या हंगामाची खात्री नाही, या अटी मात्र दोन्हीकडे ओळखीच्या वाटतील.

कामेही एका साच्यातली नाहीत. रुंद कडेची टोपी घालून पर्यटकांना गीझरची माहिती देणारा रेंजर सगळ्यांना दिसतो. प्रवेशद्वारावर शुल्क घेणारे, पायवाटांवर कोसळलेली झाडे कापणारे, खेचरांवर सामान लादून दुर्गम चौक्यांवर पोहोचवणारे, वणव्याशी झुंजणारे, हरवलेल्या गिर्यारोहकांचा शोध घेणारे, स्वच्छतागृहे धुणारे, सांडपाण्याचे प्रकल्प चालवणारे सहसा नजरेत येत नाहीत. यात तरुण मुले असतात, सुटीतले शिक्षक असतात आणि निवृत्त माणसेही असतात. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्ड यांनी 1936 च्या उन्हाळ्यात यलोस्टोनमध्ये हंगामी रेंजरचे काम केले होते. लेखक एडवर्ड अ‍ॅबी यांनी 1956 आणि 1957 असे दोन हंगाम युटातल्या आर्चेसमध्ये काढले आणि त्या अनुभवावर लिहिलेल्या ‘डेझर्ट सॉलिटेअर’ या पुस्तकाने त्यांचे नाव झाले.

काही जण मात्र दोन हंगामांवर थांबत नाहीत. रँडी मॉर्गनसन यांनी कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया आणि किंग्ज कॅन्यन उद्यानांच्या उंच, निर्जन डोंगराळ भागात 28 उन्हाळे गस्त घातली. जुलै 1996 मध्ये ते गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. त्यांचे अवशेष सापडले 2001 मध्ये. त्या भागातला प्रत्येक ओढा आणि प्रत्येक खिंड पायाखालची असलेला हा माणूस सरकारी दप्तरात अखेरपर्यंत हंगामीच होता. अशा जुन्या माणसांना कायम पदासाठी स्पर्धेत उतरता यावे, म्हणून 2015 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वेगळा कायदा केला. त्यानंतरही कायम होण्यासाठी अनेकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.

20 जानेवारी 2025 रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी संघराज्य सरकारमधली नोकरभरती गोठवली. उद्यानांच्या दृष्टीने याहून अडचणीची वेळ शोधून सापडली नसती. उन्हाळ्याच्या जागांच्या जाहिराती आदल्या शरद ऋतूपासून निघतात. हिवाळाभर निवड, पार्श्वभूमीची तपासणी आणि खोल्यांचे वाटप चालते, मग मे महिन्यात प्रशिक्षण होते. जानेवारीपर्यंत अनेकांच्या हातात नेमणुकीचे पत्र पडले होते. ती पत्रे रद्द झाल्याचे त्यांना कळवण्यात आले.

14 फेब्रुवारीला दुसरा घाव बसला. पार्क सर्व्हिसमधल्या सुमारे एक हजार परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना कामावरून काढण्यात आले. परिविक्षाधीन म्हटले की कालपरवा लागलेली पोरे डोळ्यांसमोर येतात. पण नव्या पदावर किंवा बढतीवर गेलेलाही काही काळ याच यादीत असतो. आठ-दहा हंगाम राबून नुकतेच कायम झालेले लोक त्यामुळे सर्वांत आधी सापडले. आठवडाभराने योसेमिटी उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरून अमेरिकेचा झेंडा उलटा लटकवला. उलटा झेंडा हा संकटाचा इशारा मानला जातो, त्यामुळे तो फोटो देशभर पोहोचला.

ओरड झाल्यावर सरकार काही पावले मागे आले. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उद्यानांना 7,700 हंगामी जागा भरण्याची मुभा मिळाली, म्हणजे आधीच्या वर्षांच्या सरासरीहूनही जास्त. मार्चमध्ये न्यायालयांच्या आदेशांमुळे काढून टाकलेल्या अनेकांना परत बोलावले गेले. कागदावर बघितले तर नुकसान भरून निघाले होते. प्रत्यक्षात भरतीचे गाडे कित्येक आठवडे मागे पडले होते, अनुभवी लोकांनी दुसरीकडे काम धरले होते आणि अर्जांची छाननी करणारे विभागही कपातीतून सुटलेले नव्हते. नॅशनल पार्क्स कन्झर्वेशन असोसिएशन ही 1919 पासून उद्यानांसाठी झटणारी संस्था. जुलै 2025 मध्ये तिने केलेल्या हिशेबाप्रमाणे ऐन हंगामात जेमतेम 4,500 हंगामी माणसे रुजू झाली होती. भरतीबंदी, स्वेच्छेने राजीनामा देण्याची योजना आणि मुदतीआधीची निवृत्ती यांमुळे कायम कर्मचाऱ्यांची संख्या जानेवारीपासून 24 टक्क्यांनी घटली होती.

मग उद्याने बंद पडली का? नाही, आणि या गोष्टीतली खरी गोम इथेच आहे. 3 एप्रिल 2025 रोजी गृहखात्याचे मंत्री डग बर्गम यांनी उद्याने उघडी आणि लोकांना खुली ठेवण्याचा आदेश काढला. अमेरिकेतल्या या खात्याचे काम भारतातल्या गृहखात्यासारखे नसते. जमीन, खनिजे आणि उद्याने या खात्याच्या अखत्यारीत येतात. एखादी जागा बंद करायची किंवा वेळ कमी करायची, तर आधी वरच्या अधिकाऱ्यांनी तपासावे, असे आदेशात म्हटले होते. खात्याची भूमिका अशी की, कपात मुख्यालय आणि कार्यालयीन कामे यांत करायची आहे. पर्यटकांसमोर उभ्या राहणाऱ्या माणसांत नाही. उद्यानातली बहुतेक हॉटेले आणि उपाहारगृहे खासगी ठेकेदार चालवतात, त्यांची भरती वेगळी असते. त्यामुळे खोली मिळते, कॉफी मिळते, फाटकही उघडे असते. आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्याला काही बिघडले आहे असे वाटतच नाही.

बिघाड कळतो तो बारीकसारीक गोष्टींतून. अ‍ॅरिझोनातल्या सॅग्वारो उद्यानाची माहिती केंद्रे सोमवारी बंद राहू लागली. कोलोरॅडोतल्या फ्लोरिसंट जीवाश्म उद्यानाने आठवड्यातले दोन दिवस आपले केंद्र बंद ठेवले. योसेमिटीने उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांचे तंबूच्या जागांचे आरक्षण पुढे ढकलले. तिथल्या शास्त्रज्ञांनाही स्वच्छतागृहे साफ करायला जुंपल्याच्या बातम्या आल्या. एखाद्या जीवशास्त्रज्ञाने झाडू हाती घेण्यात कमीपणा नाही. पण त्या दिवशी व्हायची पाण्याची चाचणी किंवा अस्वलांची नोंद राहून जाते आणि त्या वर्षाची तेवढी माहिती पुढे कधीच मिळत नाही. ओरेगॉनमधल्या क्रेटर लेकचे प्रमुख केव्हिन हीटली यांनी मनुष्यबळाच्या याच चणचणीमुळे मे अखेरीस पद सोडले आणि कारणही जाहीरपणे सांगितले. या उद्यानात वर्षाला सरासरी 40 फुटांहून अधिक बर्फ पडतो. तिथे रस्ता मोकळा करणारे हात कमी पडले, की रुग्णवाहिकेचा रस्ताही अडतो.

या साऱ्याला पार्श्वभूमी आहे ती वाढत्या गर्दीची. पार्क सर्व्हिसकडे आज 433 स्थळे आहेत. त्यांपैकी 63 राष्ट्रीय उद्याने; बाकीची स्मारके, रणभूमी, ऐतिहासिक वास्तू आणि समुद्रकिनारे. 2024 मध्ये या सर्वांना मिळून 33 कोटी 19 लाख भेटी झाल्या, तोवरचा हा उच्चांक. 2023 मध्ये पर्यटकांनी आसपासच्या गावांत 26.4 अब्ज डॉलर खर्च केले आणि त्यावर चार लाखांहून अधिक रोजगार चालले. पार्क सर्व्हिसला सरकारकडून मिळणारी वार्षिक तरतूद तीन अब्ज डॉलरच्या थोडी वर आहे. रखडलेल्या दुरुस्त्यांचे ओझेच सुमारे 23 अब्जांचे. तरीही 2026 च्या अर्थसंकल्पात सरकारने या तरतुदीतून एक अब्जाहून अधिक रक्कम कापण्याचा प्रस्ताव ठेवला. काँग्रेसने एवढी मोठी कात्री मान्य केली नाही, पण गेलेली माणसे त्याने परत आली नाहीत.

सांभाळणारे नसताना उद्यान उघडे ठेवले तर काय होते, हे अमेरिकेने आधीही पाहिले आहे. 2018-19 मध्ये निधी मंजूर न झाल्याने झालेल्या 35 दिवसांच्या सरकारी टाळेबंदीत बहुतेक उद्याने उघडी होती आणि बहुसंख्य रेंजर सक्तीच्या रजेवर. कचऱ्याचे ढीग साचले, स्वच्छतागृहे ओसंडली आणि कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात गाड्या आत घालण्यासाठी लोकांनी झाडे तोडली. तिथली ही झाडे वर्षाला इंच-दोन इंच वाढतात. 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर 2025 या 43 दिवसांच्या टाळेबंदीतही बहुतेक उद्याने खुलीच ठेवली गेली. सुमारे 14,500 कर्मचाऱ्यांपैकी 9 हजारांहून अधिक जणांना त्या वेळी घरी बसवण्याची योजना होती.

हंगामी यंत्रणा टिकते ती परत येणाऱ्या माणसांवर. कोणत्या वळणावर दरवर्षी दरड येते, कोणत्या ओढ्याला दुपारनंतर पाणी चढते, कोणती मादी अस्वल पिलांसह कुठे उतरते, हे कोणत्याही पुस्तिकेत पुरते लिहिलेले नसते. दहावा हंगाम करणारा माणूस ते पहिला हंगाम करणाऱ्याला चालता चालता सांगतो. एका वर्षी ही साखळी तुटली, की पुढच्या वर्षी मंजूर पदांचा आकडा पूर्वीइतका करूनही ती जुळत नाही. खर्च वाचवण्यासाठी ही माणसे कमी करणे हा निर्णय म्हणूनच हिशेबातही चुकीचा ठरतो: वाचलेला पगार लहान असतो आणि गमावलेले ज्ञान पुन्हा मिळवायला अनेक हंगाम जातात.

मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे अमेरिकेला निघालेल्या मराठी कुटुंबांना उद्यानांबाबतच्या बदलत्या धोरणाची झळ थेट खिशाला जाणवेल. 1 जानेवारी 2026 पासून यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन यांच्यासह 11 उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या 16 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला, वार्षिक पास नसेल तर, नेहमीच्या प्रवेश शुल्काखेरीज 100 डॉलर जादा द्यावे लागतात. वार्षिक पास रहिवाशांना 80 डॉलरना, तर बाहेरच्यांना 250 डॉलरना मिळतो. निघण्यापूर्वी त्या त्या उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर माहिती केंद्राच्या वेळा आणि रस्त्यांची स्थिती पाहून घ्यावी, पाणी जास्त बरोबर ठेवावे आणि आडवाटेला एकट्याने जाऊ नये. मदतीला येणारा रेंजर पूर्वीपेक्षा दूर असण्याची शक्यता आहे.