रक्त तरी आलं का?

२०२२ सालच्या फेब्रुवारीत आमच्या घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला. आमच्या तालुक्याच्या गावात स्लॅब म्हणजे सणच. सकाळी नारळ फुटला, पेढे वाटले, मुलानं मोबाइलवर फोटो काढले. मी सगळ्या मजुरांसाठी पिठलं-भाकरी आणि शिरा केला होता. मिक्सरची धडधड, ठेकेदाराचा आरडाओरडा आणि लाकडी फळ्यांवरून वर-खाली करणारी बायकांची रांग. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर काँक्रीटनं भरलेलं घमेलं.

त्या रांगेत अक्का होती. तिचं नाव इथे देत नाही, सगळे तिला अक्काच म्हणायचे. वय चाळीस. दुपारी तीनच्या सुमाराला तिच्या पायाखालची फळी सरकली. ती पडली नाही. एका हातानं तिनं बांबू धरला, पण डोक्यावरचं घमेलं एका बाजूला कललं आणि मानेला जोराचा हिसका बसला. ती मटकन खाली बसली. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

ठेकेदारानं वरूनच विचारलं, "काय झालं? रक्त तरी आलं का?"

रक्त आलं नव्हतं. स्लॅब अर्ध्यावर थांबवता येत नाही. दहा मिनिटांनी अक्का पुन्हा रांगेत उभी राहिली. आणि खरं सांगते, काम थांबलं नाही म्हणून मला हायसंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती दारात आली. मान एका बाजूला धरलेली. "ताई, मानेतनं कळ निघती ती पार बोटापतोर जातीया. अंगठ्याला मुंग्या येत्यात. भाकरी थापताना हात उचलंना झालाय." कुणीतरी तेल लावून मान ओढून दिली होती, त्यानं दुखणं आणखी वाढलं होतं. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे भली मोठी रांग. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" ती म्हणाली, "तीन दिस." केसपेपरवर तेवढंच उतरलं: मान दुखणे, तीन दिवस. फळी सरकली, डोक्यावर घमेलं होतं, हे तिनं सांगितलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. ही चूक पुढे आम्हाला फार महागात पडणार होती.

गोळ्यांनी फरक पडेना. शेवटी जिल्ह्याला नेऊन एमआरआय काढला. आपल्या मानेत सात मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. अक्काची पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली चकती सरकून शिरेवर दाब आला होता. अंगठ्याच्या मुंग्या त्याच्याच. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि बजावलं, "आता डोक्यावर ओझं नाही. कायमचं नाही."

डोक्यावर ओझं नाही, म्हणजे अक्काच्या हिशेबात चूल नाही. तेवीस-चोवीस वर्षं तिनं दुसरं काम केलेलं नव्हतं.

ठेकेदार आमच्या ह्यांचा मित्र. तो एक दिवस अक्काच्या घरी गेला, पंधरा हजार रुपये आणि शंभराचा स्टॅम्प पेपर घेऊन. 'मला सर्व भरपाई मिळाली, यापुढे माझी काही तक्रार नाही,' असा मजकूर. नवरा अंगठा द्यायला तयार होता. अक्का मात्र कागद पदराखाली घालून माझ्याकडे आली. "वाचून दावा, ताई."

आमचे हे म्हणाले, "तू यात पडू नकोस. उद्या आपल्यावरच शेकायचं." मलाही भीती वाटली, नाही असं नाही. पण स्लॅबच्या दिवशीचं ते हायसं वाटणं मला झोपू देत नव्हतं. मी तिला घेऊन कोर्टात गेले. तिथे तालुका विधी सेवा समिती असते. बाईला, तिची मिळकत कितीही असो, १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथून मोफत वकील मिळतो. हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी त्याच इमारतीवरून भाजीला जात होते!

आम्हाला मिळालेल्या वकील मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रक्त आलं का, हे कायदा विचारत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली का, एवढंच विचारतो. मालकाची चूक होती हे सिद्ध करायची गरज नाही."

हा कायदा १९२३ सालचा, कर्मचारी नुकसानभरपाईचा. ठेकेदाराच्या कागदाचं काय, असं विचारलं तर मॅडम हसल्या. भरपाईचा हक्क सोडून देतो असा करार कायद्याच्या लेखी रद्दच. तडजोड करायचीच तर तिची आयुक्तांकडे नोंदणी व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. आमच्याकडे आयुक्ताचे अधिकार दिवाणी न्यायाधीशांना होते. आणि घरमालकाचं? ज्याचा धंदाच बांधकामाचा आहे त्यानं पोटठेकेदार नेमला, तर मजुराच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरही येते. राहण्यासाठी घर बांधणाऱ्यावर सहसा येत नाही. आमच्या ह्यांचा जीव भांड्यात पडला.

मग मॅडमनी कायद्याला जोडलेली यादी दाखवली. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, त्याची यादी. अंगठा गेला तर तीस टक्के. हात, पाय, डोळा, बोटं, सगळं आहे. मी वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचत गेले. मान कुठेच नव्हती.

"नसू दे," मॅडम म्हणाल्या. "यादीत नसलेल्या इजेसाठी डॉक्टरांनी सांगायचं असतं, हिची कमाईची ताकद कायमची किती घटली. आणि ते हिच्या कामाच्या संदर्भात." त्यांनी एका सुताराच्या खटल्याची गोष्ट सांगितली. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एक हात शाबूत आहे, म्हणजे अपंगत्व पूर्ण नाही, असं मालकाचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली ते मानलं नाही. सुतारकाम एका हातानं होत नाही, तेव्हा त्याच्यापुरतं ते पूर्ण अपंगत्वच. मास्तरीण पट्टा लावून शिकवू शकेल, पण डोक्यावर घमेलं वाहणारीचं काय, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा असतो.

दावा दाखल झाला. अपघातापासून दोन वर्षांत तो करावा लागतो, आम्ही सहाव्या महिन्यात केला. ठेकेदारानं दोन मुद्दे मांडले. एक, ही बाई माझी कामगार नाही, रोजंदारीवर आली होती, हजेरीपटावर नाव नाही. पण सुटी रोजंदारी करणाऱ्यांना वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीनं कायद्यातून काढून टाकलेले आहेत. आता ती तिथे होती हे दाखवायचं होतं. मुलानं काढलेले फोटो आठवले! नारळ फोडतानाच्या फोटोत मागे अक्का उभी, हातात घमेलं. खाली तारीख. माझ्या हिशेबाच्या वहीतही लिहिलेलं होतं: स्लॅब, जेवण २२ माणसं. रांगेतल्या दोघीजणी साक्षीला आल्या. मीही गेले. त्या वर्षीपासून ठेकेदाराच्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं.

दुसरा मुद्दा जास्त कठीण. "ही वयाची झीज आहे. केसपेपर बघा, अपघाताचा शब्द तरी आहे का?" नव्हताच. एमआरआयमध्ये झीजही दिसत होती, आणि का दिसणार नाही? चोवीस वर्षं डोक्यावर ओझं! १९९८ च्या केंद्रीय बांधकाम कामगार नियमांत बाईनं एका वेळी तीस किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही असं घातलेलं होतं. पण दिवसभरात किती खेपा, ते कोण मोजतं? मॅडमनी मांडलं की जुनी झीज असली तरी कामावरच्या हिसक्यानं दुखणं उपटलं किंवा वाढलं असेल, तर ती कामामुळे झालेली इजाच. डॉक्टरांची साक्ष झाली. त्यांनी कमाईची ताकद वीस टक्के घटल्याचं सांगितलं.

२०२४ च्या उन्हाळ्यात निकाल आमच्या बाजूनं लागला. हिशेब असा. मजुरी रोज चारशे, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे १०,४०० रुपये. त्याचे साठ टक्के ६,२४०. चाळीस वर्षांच्या वयाला कायद्यात दिलेला गुणक १८४.१७. गुणाकार ११,४९,२२० रुपये, त्याचे वीस टक्के २,२९,८४४. वर व्याज. कुठे ते पंधरा हजार!

पण घरी येऊन मी दुसरा एक हिशेब केला. त्याच स्लॅबवर पुरुषांची मजुरी सहाशे होती. त्यांचे महिन्याचे होतात १५,६००, पण हिशेबात धरायची कमाल मजुरी तेव्हा पंधरा हजार. तसं धरलं तरी तेवढ्याच इजेचे ३,३१,५०६ रुपये होतात. मान तीच, मणके तेच, आणि बाईच्या मानेची किंमत एक लाखानं कमी. भरपाईचा कायदा हे करत नाही, तो फक्त मजुरीचा आकडा उचलतो. आकडा आपण ठरवतो. मीही ठरवला होता, 'बायकांना चारशेच देतात ना?' असं विचारून.

ठेकेदार पैसे अक्काच्या नवऱ्याच्या हातात द्यायला निघाला होता. पण त्या कायद्यात एक कलम होतं: बाईची एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. आधी मला ते खटकलं. बाईला काय पैसे मोजता येत नाहीत? मग पंधरा हजारांचा कागद आठवला आणि गप्प बसले. अक्काच्या नावावर बँकेत ठेव झाली.

मैत्रिणींनो, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली आहे. भरपाईचं प्रकरण तिच्यातही आहे आणि दाव्याची मुदत दोन वर्षांचीच आहे. कारखान्यात ईएसआय कापला जात असेल तर मदत त्यांच्याकडून मिळते. वकिलासाठी विधी सेवेचा १५१०० हा नंबर आहे. पण हे सगळं नंतरचं. पहिली गोष्ट त्याच दिवशी करायची. मान लचकली, पाठीत चमक भरली, हाताला मुंग्या आल्या, आणि ते काम करताना झालं, तर रक्ताची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि कुठे, कसं, काय उचलताना झालं ते केसपेपरवर लिहून घ्या. मालकाला लेखी कळवा, निदान मोबाइलवर निरोप पाठवून तो जपून ठेवा. सोबतच्या दोघींची नावं लिहून ठेवा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नका. आणि घर तुमचं असेल, मजूर दुसऱ्याची असेल, तर हे सगळं तुम्ही तिच्यासाठी करा.

अक्का आता बाजारात बसून भाजी विकते. पाट्या मुलगा उचलतो. मागून कुणी हाक मारली तर तिला मान वळवता येत नाही, सगळं अंग वळवावं लागतं. मी तिला आता मागून हाक मारत नाही, समोर जाऊन उभी राहते. दर मात्र ती मला एक रुपयाही कमी करत नाही. आणि मी घासाघीस करायचं सोडलंय.