शालू एक, हात अनेक

लग्नात मिरवणारा बनारसी शालू एका विणकराच्या मागावर विणला जातो. पण त्या मागाला चालता ठेवणारी माणसे त्या घरात नसतात. काशीच्या गल्ल्यांत पसरलेल्या या ‘बाहेरच्या’ कारागिरांची ही ओळख. छोटा धंदा चालवणाऱ्या प्रत्येकाला त्यातून काही शिकता येईल.

पहाटे काशीच्या रामघाटावर स्नानाला उतरणाऱ्यांच्या बोलण्यात एखादा मराठी शब्द कानी पडला, तर नवल वाटायला नको. गंगेच्या या काठाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. जवळच नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, अमृतराव पेशव्यांनी बांधलेला गणेश घाट आहे. पलीकडे पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. या घाटांमागच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयातून वेदपठणाचे स्वर उठतात आणि काशीचा दिवस सुरू होतो.

काशीयात्रेहून परतणारा मराठी माणूस गंगाजल तर आणतोच. घरात लग्नकार्य असेल, तर शालूही आणतो. रामघाटाच्या पायऱ्या चढून गल्लीबोळांतून वाट काढली की ठठेरी बाजार लागतो, पुढे चौक आणि कुंजगली. घाऊक व्यापारी पांढऱ्या गाद्यांवर बसून एकामागून एक साड्या उलगडत असतात. जरीची बुट्टी, भरजरी पदर, काठावरची वेलपत्ती पाहून डोळे दिपतात. ‘हा शालू कोणी केला?’ असे विचारले, तर उत्तर मिळते, ‘विणकराने.’ हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच.

घरात माग, बाकी सारे बाहेर

काशीतले मदनपुरा, अलईपुरा, पिली कोठी, लल्लापुरा, बजरडीहा हे विणकरांचे मोहल्ले. त्यांतल्या साध्या घरात खड्ड्यात पाय सोडून विणकर मागावर बसलेला दिसतो. त्याचा कारखाना म्हणजे एक खोली आणि एक किंवा दोन माग. एवढ्या छोट्या धंद्यात रंगारी, नक्षीकार, यंत्र दुरुस्त करणारा आणि हिशेबनीस पगारावर ठेवणे कोणाला परवडणार? म्हणून बनारसने फार पूर्वीच एक वाट काढली. जे काम रोज लागत नाही, ते ज्याच्या हातात कसब आहे त्याच्याकडे पाठवायचे आणि कामापुरते पैसे द्यायचे. आज मोठमोठ्या कंपन्या हिशेब, ग्राहकसेवा, सुरक्षा अशी कामे बाहेर सोपवतात आणि त्याला ‘आउटसोर्सिंग’ असे भारदस्त नाव देतात. काशीच्या मोहल्ल्यांत ही रीत नाव न घेता नांदते आहे.

कच्चे रेशीम आले की आधी त्याला पीळ द्यायचा. मग साबणाच्या पाण्यात उकळून त्यावरचा नैसर्गिक डिंक काढायचा. या उकळण्यात रेशमाचे सुमारे पाव वजन घटते, तेव्हा कुठे ते मऊ आणि चमकदार होते. त्यानंतर ते रंगाऱ्याकडे जाते. रंगवलेल्या लडी उकलून कांड्या भरायच्या, ते काम बहुधा घरातल्या किंवा शेजारच्या बायकांचे. ताणा तयार करणारा कारागीर वेगळा. जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडणारा आणखी वेगळा. साडीच्या पन्ह्यात हजारो धागे असतात. त्यांतला एक जरी चुकीचा जोडला गेला, तरी तो दोष साडीभर दिसत राहतो.

या सगळ्यांना बांधून ठेवणारा असतो तो गिरस्ता. तो व्यापाऱ्याकडून मागणी घेतो, विणकरांना रेशीम, जरी आणि नक्षी पुरवतो आणि तयार साडी गादीवर पोचवतो. जरी आता मोठ्या प्रमाणावर सुरतेहून येते, म्हणजे हा धागा उत्तर प्रदेशाबाहेरही पसरलेला आहे.

पत्ते कापणारा

या साखळीतला सर्वांत कसबी माणूस म्हणजे नक्शबंद. पूर्वी तो दोऱ्यांचीच नक्षी बांधून द्यायचा. ती मागावर चढवली की विणकराच्या मदतनिसाने ठरलेले दोरे ओढायचे आणि फूल उमटायचे. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पत्त्यांचे यंत्र तयार केले. ते पुढे बनारसलाही पोचले आणि दोऱ्यांची जागा पत्त्यांनी घेतली.

पत्त्यांचे काम समजायला सोपे आहे. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर काढतात. तिच्या एकेका आडव्या ओळीसाठी एक जाड पत्ता असतो. जिथे भोक, तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो; जिथे भोक नाही, तिथला खाली राहतो. असे शेकडो, भरगच्च नक्षीला हजारो पत्ते कापून एकमेकांना ओवायचे आणि मागावर चढवायचे. ही सगळी कामे विणकर बाहेरून करून घेतो.

गंमत अशी, की भोके पाडलेल्या या पत्त्यांवरूनच चार्ल्स बॅबेज यांना गणनयंत्राची कल्पना पुढे नेता आली. अमेरिकेतल्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी माहिती मोजायला पत्तेच वापरले. म्हणजे मागाचा पत्ता हा संगणकाचा एक पूर्वजच! आज त्याच संगणकावर नक्षी तयार होते आणि पत्तेही यंत्राने कापले जातात. काम झटपट होते, पण हाताने नक्षी बांधणारे नक्शबंद विरळ होत चालले आहेत. मोडलेला माग दुरुस्त करता येतो. गेलेले कसब परत आणता येत नाही.

कात्री चालवणारी

साडी मागावरून उतरली म्हणजे काम संपले असे नाही. बनारसी नक्षीच्या दोन मुख्य पद्धती आहेत. ‘कढुआ’ पद्धतीत प्रत्येक बुट्टी वेगळ्या धाग्याने विणतात. हे काम वेळखाऊ, म्हणून महाग. ‘फेकुआ’ पद्धतीत नक्षीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकला जातो आणि दोन बुट्ट्यांच्या मध्ये तो साडीच्या उलट बाजूला मोकळा लोंबत राहतो. हे मोकळे धागे कापून काढावे लागतात.

हे काम प्रामुख्याने बायकांचे. साडी घरी येते. स्वयंपाक, मुलेबाळे सांभाळून कात्री चालते. धागा फार जवळून कापला तर बुट्टी उसवते, लांब ठेवला तर साडी खरखरीत लागते. कात्री चुकून ताण्याला लागली, तर महिनाभराच्या मेहनतीला भोक पडते. एवढी जोखीम असूनही या कामाचा मोबदला साडीच्या किमतीपुढे नगण्य असतो. शेवटी पॉलिश करणारा, इस्त्री-घडी करणारा आणि पदराला गोंडे लावणारा यांचे हात फिरतात, तेव्हा कुठे शालू दुकानात मिरवतो.

देशाच्या २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत ३५ लाख २२ हजारांच्या आसपास हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत विणकर सुमारे २६ लाख ७३ हजार आणि पूरक कामे करणारे सुमारे ८ लाख ४८ हजार. म्हणजे साधारण तीन विणकरांमागे एक मदतीचा हात. कौतुक होते ते विणकराचे, तेही क्वचित. या चौथ्या माणसाचे नाव कोणी घेत नाही.

आपल्या इचलकरंजीतही तेच

हे चित्र काशीपुरतेच नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गावच यंत्रमागांचे झाले. तिथेही छोटा मागवाला सगळे स्वतः करत नाही. सुताला खळ देणारे सायझिंगवाले वेगळे, वहिफणी करणारे वेगळे, कांडीवाले वेगळे, कापड तपासून दोष काढणारे आणि घडी घालणारे वेगळे. व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्याला तर ‘खर्चीवाला’ हे खास नावच आहे.

पैसा अडतो कुठे?

या व्यवस्थेचा फायदा उघड आहे. थोड्या भांडवलात धंदा उभा राहतो आणि मंदीत पगाराचा बोजा नसतो. पण हा बोजा नाहीसा होत नाही. तो फक्त खालच्या माणसाच्या खांद्यावर सरकतो. व्यापारी गिरस्त्याला पुढच्या तारखेचा चेक देतो, गिरस्ता विणकराला थांबवतो, विणकर रंगाऱ्याला आणि कात्री चालवणारीला. साडीत दोष निघाला तर कपात, आणि दोष कोणाचा हे ठरवणारा वरचाच. मंदी आली की सर्वांत आधी रिकामा बसतो तो साखळीतला शेवटचा हात.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२० पासून ‘उद्यम’ ही नोंदणी विनाशुल्क करता येते. पण जिच्या कामाची पावतीच होत नाही, त्या बाईपर्यंत हा कायदा पोचणार कसा?

तुमचा छोटा धंदा असेल तर

घरगुती मसाले असोत, शिवणकाम असो की दिवाळीचा फराळ, आज कितीतरी गृहिणी छोटा व्यवसाय चालवतात. हिशेब, करविवरण, वेष्टनाची छपाई, घरपोच माल पोचवणे ही कामे बाहेर देण्यात कमीपणा नाही. बनारसचा विणकर हेच करत आला आहे. मात्र काही पथ्ये पाळावीत.

जी गोष्ट तुमची ओळख आहे, ती बाहेर देऊ नये. मसाल्याचे प्रमाण, चवीची अखेरची पारख आणि ग्राहकाशी बोलणे स्वतःकडेच ठेवावे. विणकर रंग बाहेरून घेतो, पण मागावर स्वतः बसतो. बाहेरच्या कामाचा दर, मुदत आणि चूक झाल्यास भरपाई कोणी करायची, हे चार ओळींत का होईना, लिहून ठेवावे. एकाच माणसावर विसंबू नये. तो आजारी पडला तर धंदा थांबतो. हिशेब दुसऱ्याने लिहिला तरी महिन्यातून एकदा वही स्वतः वाचावी, बँकेचा पासवर्ड कोणाला सांगू नये. आणि ज्याच्याकडून काम करून घेतले, त्याचे पैसे ठरल्या दिवशी द्यावेत. चांगला मदतनीस टिकवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

शालू उलटून पाहा

बनारसी साड्या आणि ब्रोकेडला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क अशा खुणाही आहेत. शालू घेताना त्या जरूर पाहाव्यात, म्हणजे हातमागाच्या नावाखाली यंत्रमागाची साडी गळ्यात पडणार नाही.

पण आणखी एक गोष्ट करावी. नवरीच्या अंगावर तो शालू चढण्याआधी एकदा उलटून पाहावा. बुट्टीच्या कडेला बारीक कापलेले धाग्यांचे शेव हाताला लागले, तर समजावे, कोणा बाईने घरच्या उजेडात बसून ते एकेक करून छाटले आहेत. शालूची सुलट बाजू सगळे लग्नघर पाहते. उलट बाजूला ज्यांची मेहनत आहे, त्यांची आठवण निदान त्या घडीला घरातल्या एकीने तरी काढावी.