सोलिहलचा अभियंता आणि चिखलीची मोटार

२६ ऑक्टोबर २०२१ रोजी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये पाचव्या पिढीची रेंज रोव्हर लोकांसमोर आली. मागचे दिवे पेटेपर्यंत दिसत नाहीत, काळ्या पट्टीत दडून राहतात. दारांच्या मुठी अंगातच मिटतात. आत १३.१ इंचांचा वक्र पडदा आहे, वरच्या श्रेणीत तब्बल ३५ स्पीकर आहेत, आणि त्यांतले काही हेडरेस्टमध्ये बसवून चाकांचा घोंगावता आवाज विरुद्ध ध्वनीने मारण्याची सोय आहे. या मोटारीत तिसरी रांगही प्रथमच आली. माहितीपत्रकं यावरच रेंगाळतात. पण या नव्या रचनेतली मोलाची करामत पत्र्याखाली आहे, आणि ती कळायची तर चार्ल्स स्पेन्सर ऊर्फ स्पेन किंग या अभियंत्याकडे जावं लागतं.

इंग्लंडमधल्या सोलिहल इथली रोव्हर कंपनी चालवणाऱ्या विल्क्स बंधूंचे किंग हे भाचे. रोल्स-रॉइसमध्ये उमेदवारी करून ते १९४५ साली रोव्हरमध्ये आले. केवळ नात्यामुळे मिळालेली जागा म्हणून त्यांच्याकडे पाहणं अन्यायाचं होईल. गॅस टर्बाइनवर धावणाऱ्या ‘जेट १’ या प्रायोगिक मोटारीवर त्यांनी काम केलं, आणि १९५२ मध्ये बेल्जियममधल्या याबेके इथल्या सरळ रस्त्यावर ती ताशी १५२ मैलांवर नेली, तीही स्वतः चालवून. ती मोटार लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

साठच्या दशकात त्यांनी आणि सहकारी अभियंते गॉर्डन बॅशफर्ड यांनी ‘१००-इंच स्टेशन वॅगन’ या साध्या नावाखाली पहिल्या रेंज रोव्हरचं काम हाती घेतलं. कंपनीची लँड रोव्हर तेव्हा लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवर चालायची. शेतात दणकट, पण डांबरी रस्त्यावर हाडं खिळखिळी करणारी. किंग यांनी पाटे काढले आणि लांब हालचालीच्या कॉइल स्प्रिंग घातल्या. मागच्या आसावर भार वाढला तरी गाडी आपोआप समतल राहावी, अशी योजना केली. इंजिन ब्यूकच्या मूळ आराखड्याचं, ३.५ लिटरचं, ॲल्युमिनियमचं व्ही-८. त्याची ताकद एकाच आसावर टाकली तर तो आस जाडजूड करावा लागला असता, आणि जड आस म्हणजे पुन्हा धक्के. म्हणून ताकद कायम चारही चाकांत वाटली. आज ‘फुल-टाइम फोर व्हील ड्राइव्ह’ ही प्रतिष्ठेची पाटी म्हणून मिरवली जाते. तिच्या मुळाशी वजन वाचवण्याचा हा हिशेब होता.

बाह्यरूपावरून मात्र कंपनीत दोन प्रवाह झाले. डिझाइन विभागाचे प्रमुख डेव्हिड बॅश यांच्या स्टुडिओनं स्वतंत्र नमुना केला होता. तो मागे पडला. किंग आणि बॅशफर्ड यांनी चाचणीपुरता जोडलेला चौकोनी सांगाडाच वरिष्ठांना पटला, आणि बॅश यांच्या वाट्याला त्याची सफाई आली. ती त्यांनी अप्रतिम केली. जाळी, दिवे, खिडक्यांची प्रमाणं, दारांवरच्या रेषा, सगळीकडे त्यांचा हात दिसतो. श्रेय कोणाचं, यावर शौकीन मंडळी अजून वाद घालतात. सांगाडा अभियंत्यांचा आणि डौल बॅश यांचा, हा निवाडा सर्वांत न्याय्य वाटतो. बॉनेटच्या दोन्ही कडांवरचे उंचवटेसुद्धा चालकाला गाडीचे कोपरे दिसावेत म्हणून आहेत. ‘वेलार’ या टोपणनावाखाली रस्त्यांवर गुपचूप तपासलेली ही मोटार जून १९७० मध्ये जेमतेम दोन हजार पौंडांना बाजारात आली. दारं दोनच होती. आतली जमीन पाण्याच्या नळीनं धुता यावी म्हणून साधी ठेवली होती. पुढे तिला पॅरिसच्या लूव्रमध्ये औद्योगिक रचनेचा नमुना म्हणून मांडण्यात आलं.

१९७१-७२ मध्ये जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखाली दोन रेंज रोव्हर अलास्काहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे निघाल्या. पनामा आणि कोलंबियामधल्या डेरियन गॅपच्या रस्ता नसलेल्या दलदलीत तीन महिन्यांहून अधिक काळ गेला. प्रचंड सामान आणि चिखलासाठी लावलेली रुंद टायर यांच्या ताणानं मागची डिफरन्शियल फुटली. सुटे भाग कारखान्याहून मागवावे लागले, वाट काढायला एक जुनी लँड रोव्हर विकत घ्यावी लागली. तरी दोन्ही गाड्या पार झाल्या. कुठल्याही जाहिरातीपेक्षा या मोहिमेची हकीकत वाचनीय आहे, कारण तिच्यात मोटारीची मर्यादाही दिसते.

पुढचा प्रवास श्रीमंतीकडे गेला. चार दारांची गाडी आधी स्वित्झर्लंडच्या माँतेव्हेर्दी यांनी करून दाखवली, कंपनीची १९८१ मध्ये आली. १९९२ मध्ये हवेचं सस्पेन्शन, २०१२ मध्ये संपूर्ण ॲल्युमिनियमची बॉडी. मधल्या काळात मालकी बीएमडब्ल्यू, फोर्ड आणि २००८ पासून टाटा अशी फिरली. २००४ मध्ये निवृत्त किंग यांनी जाहीरपणे सांगितलं, की मुलांना शाळेत सोडायला आणि शहरात मिरवायला अशा गाड्या वापरणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, ही मोटार प्रतिष्ठेसाठी केलेलीच नव्हती. हे बोल कटू असले तरी निर्मात्याच्या हक्काचे होते. जून २०१० मध्ये सायकल चालवताना व्हॅनची धडक बसून झालेल्या जखमांनी, ८५व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आता नव्या गाडीकडे पुन्हा पाहावं. मागची चाकं ७.३ अंशांपर्यंत वळतात. कमी वेगात ती पुढच्या चाकांच्या उलट दिशेला वळतात, त्यामुळे पाच मीटरहून लांब असलेली छोट्या व्हीलबेसची गाडी ११ मीटरपेक्षा कमी व्यासाच्या वर्तुळात फिरते. जास्त वेगात ती पुढच्या चाकांबरोबर वळून स्थैर्य देतात. ४८ व्होल्टची यंत्रणा वळणावर गाडीला कलू देत नाही. नॅव्हिगेशनचा नकाशा वाचून सस्पेन्शन पुढच्या वळणासाठी आधीच तयार होतं. पाणी ९०० मिलिमीटर खोल असलं तरी ती ओलांडते. मसाज करणाऱ्या खुर्च्या दहा कंपन्या देतात. जड गाडीला खडबडीत जमिनीवर मऊ आणि रस्त्यावर घट्ट ठेवण्याचं काम मात्र किंग यांच्याच कामाचा पुढचा टप्पा आहे. मागचा फाळकाही १९७० सारखाच वर-खाली दोन भागांत उघडतो.

किंग यांच्या आक्षेपाचं मोल यानं कमी होत नाही. पहिली रेंज रोव्हर पावणेदोन टनांच्या आसपास होती, ही अडीच टनांकडे झुकते. मागची चाकं वळवण्याची गरज काही अंशी या वाढलेल्या देहामुळेच निर्माण झाली.

मे २०२४ मध्ये जग्वार लँड रोव्हरनं (जेएलआर) रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जुळणी पुण्यात, टाटांच्या चिखलीच्या कारखान्यात करण्याचं जाहीर केलं. कंपनीच्या गाड्यांची पुण्यातली जुळणी २०११ मध्ये फ्रीलँडर या गाडीनं सुरू झाली होती, पण मुख्य रेंज रोव्हर तिथं प्रथमच तयार होणार होती. आयात कर वाचल्यानं तिची किंमत २.३६ कोटी रुपयांपासून सुरू झाली, स्पोर्टची १.४० कोटींपासून. पिंपरी-चिंचवडमधल्या कामगारांसाठी ही मानाची गोष्ट आहेच. त्याचबरोबर या गाड्यांचा मोठा वापर किंग यांनी नाकारलेल्या शहरी रस्त्यांवरच होणार, हेही खरं.

विजेवरच्या रेंज रोव्हरच्या चाचण्या स्वीडनमधल्या आर्येप्लोगच्या गोठलेल्या तळ्यांवर आणि दुबईच्या वाळूत झाल्या. कंपनीच्या दाव्याप्रमाणे, चाक घसरू लागल्यावर त्याची ताकद सावरायला पूर्वी सुमारे १०० मिलिसेकंद लागत, ते आता एका मिलिसेकंदापर्यंत खाली येतात. बॅटरीचं वाढीव ओझं आणि ही चपळाई यांचा मेळ चिखलात कसा बसतो, हे तपासायला डेरियनसारख्या एखाद्या मोहिमेची आज फार गरज आहे.