फार्म एड
फार्म एड : कर्जबाजारी कुटुंबशेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत भरविण्यात येणारी संगीतसभा व ती भरविणारी संस्था. १३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियातील ‘लाइव्ह एड’ या, इथिओपियातील दुष्काळपीडितांसाठी योजिलेल्या कार्यक्रमात गायक बॉब डिलन यांनी, जमणाऱ्या निधीतील अल्प भाग अमेरिकी शेतकऱ्यांची गहाणकर्जे फेडण्यास द्यावा, असे सुचविले. ही सूचना अनेकांना अप्रस्तुत वाटली. तथापि तीतून स्फूर्ती घेऊन विली नेल्सन, जॉन मेलनकँप व नील यंग यांनी २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉय राज्यातील शँपेन येथे पहिली सभा भरविली. सुमारे ८०,००० श्रोते जमले व ७० लाख डॉलरांहून अधिक निधी मिळाला. नेल्सन यांनी बालपणी टेक्सासमध्ये कापूस वेचला होता.

शेतकऱ्यांच्या अरिष्टाचे मूळ १९७० नंतरच्या भरभराटीत होते. धान्याची निर्यात वाढली, जमिनींच्या किंमती चढल्या आणि त्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली गेली. १९७९ पासून चलनवाढ रोखण्यासाठी व्याजदर कमालीचे वाढविण्यात आले. १९८० मध्ये सोव्हिएट रशियाला होणाऱ्या धान्यनिर्यातीवर निर्बंध आले. आयोवा राज्यात जमिनीची सरासरी किंमत १९८१ मध्ये एकरी २,१४७ डॉलर होती. ती १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आली. तारणाचे मूल्य असे घसरल्याने, हप्ते नियमित भरणाऱ्यांचीही पत उरली नाही आणि पिढीजात शेते लिलावात निघाली.

देशातील शेतीकर्ज त्यावेळी सुमारे २०० अब्ज डॉलर होते. गाण्यांच्या उत्पन्नातून ते फिटणे अशक्यच होते. त्यामुळे डिलन यांची मूळ कल्पना मागे पडून कायदेविषयक सल्ला, दूरध्वनीवरून मार्गदर्शन व स्थानिक शेतकरी-संघटनांना अनुदाने यांवर संस्थेने भर दिला. तिचे खरे यश येथेच आढळते. १९८७ मध्ये नेल्सन व मेलनकँप यांनी सिनेटच्या समितीपुढे शेतकऱ्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी काँग्रेसने संमत केलेल्या कृषिपत कायद्यान्वये, जप्तीपेक्षा कमी खर्चाची ठरत असल्यास कर्जाची पुनर्रचना करण्याची तरतूद झाली. अर्थात हे केवळ कलावंतांचे श्रेय नव्हे. शेतकऱ्यांची आंदोलने आधीपासून चालू होती.

पुढे कुटुंबशेतीचे रक्षण व मोठ्या औद्योगिक पशुपालनास विरोध ही कार्येही संस्थेने अंगीकारली. २००१ मध्ये गायक डेव्ह मॅथ्यूज संचालक मंडळात आले. सभा जवळजवळ प्रतिवर्षी निरनिराळ्या शहरी भरते. २० सप्टेंबर २०२५ रोजी ती मिनीॲपोलिस येथे झाली.